बनेश्वराची घंटा

पुण्याहून साताऱ्याच्या सडकेने निघाले आणि कात्रजचा घाट ओलांडला की डोंगर हळूहळू जवळ येऊ लागतात. चेलाडीच्या फाट्याशी हमरस्ता सोडून उजवीकडे वळावे, म्हणजे नसरापूर लागते. भोर तालुक्यातले हे गाव. येथूनच एक रस्ता पुढे वेल्ह्याकडे, राजगड-तोरण्याच्या पायथ्याकडे जातो. त्या वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे. गडावर जाणारी तरुण मंडळी नसरापूरला चहापुरती थांबतात आणि पुढे निघतात. गावाजवळच्या झाडीत बनेश्वराचे देऊळ आहे, तिकडे त्यांच्यापैकी थोडेच वळतात.

देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास बांधविले. दाट बन, गार पाण्याची कुंडे, जवळून वाहणारी शिवगंगा आणि बनातला ईश्वर म्हणून बनेश्वर. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या पुतण्याला घेऊन तेथे गेलो होतो. पोर चौकस. पायातल्या वहाणा काढल्या न काढल्या तोच तो घंटेखाली जाऊन उभा राहिला आणि मान वर करून म्हणाला, "काका, ह्या घंटेवर क्रूस कसा?"

प्रश्न रास्त होता. शंकराच्या देवळात टांगलेल्या त्या भल्यामोठ्या घंटेवर क्रूस आहे, आणि युरोपीय अंकांत साल कोरलेले आहे : १६८३. देऊळ १७४९ चे, आणि घंटा त्याहून सहासष्ट वर्षांनी जुनी! ही वसईच्या स्वारीत हाती आलेली, पोर्तुगीजांच्या चर्चची घंटा आहे, असे मी त्याला सांगितले. पोराने क्षणभर विचार केला आणि दुसरा प्रश्न टाकला, "म्हणजे ही लुटीची की आपली?"

ह्या दुसऱ्या प्रश्नाला मला तेव्हा उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर जुनी पुस्तके काढली, काही टिपणे केली, आणि त्या घंटेचा माग काढता काढता मी एका वेगळ्याच विषयावर येऊन ठेपलो. तो विषय असा की, देवाचे घर राखायचे कसे? आमच्या पूर्वजांना हा प्रश्न पडला होता, पोर्तुगीज पाद्र्यांना पडला होता, आणि आजच्या चर्चच्या, मंदिराच्या, मशिदीच्या विश्वस्तांनाही तो पडतोच.

शेतावर माचाण बांधून रात्र काढणारा राखणदार तीन गोष्टी मनाशी पक्क्या करतो. राखायचे काय, राखायचे कोणापासून, आणि जागे राहायचे कोणी. पीक ज्वारीचे असो की देव्हारा सोन्याचा असो, रखवालीचे शास्त्र ह्या तीन प्रश्नांतच आहे. तिन्हींची उत्तरे बरोबर आली तर काठीही पुरते. एकाचे जरी चुकले तरी तोफा अपुऱ्या पडतात. बनेश्वराची घंटा ज्या काळातून आली, त्या काळाकडे हे तीन प्रश्न घेऊन पाहू.

*

घंटेवरचे साल १६८३. ह्याच वर्षी गोव्यातल्या पोर्तुगीजांची झोप उडाली होती. व्हाइसरॉय कौंट द आल्व्होर ह्याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, संभाजी महाराज स्वतः चालून आले आणि व्हाइसरॉयला वेढा उठवून परतावे लागले. नोव्हेंबरच्या अखेरीस मराठ्यांनी खुद्द गोवा शहराजवळचे जुवे बेट घेतले. ते परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय जीव वाचवून कसाबसा माघारी आला. मराठे आणि राजधानी ह्यांच्यामध्ये आता खाडीचे पाणी तेवढे उरले होते.

मग त्याने जे केले ते इतिहासात नमूद आहे. तो बॉम जेझूच्या चर्चमध्ये गेला, सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडविली, आणि आपला अधिकारदंड व नेमणुकीचे कागद संताच्या स्वाधीन करून म्हणाला, की राज्य आता तुझे, तूच सांभाळ. ज्याने चर्चला राखायचे, तोच चर्चला राखणदार हो म्हणून विनवीत होता!

पुढे लवकरच मोगलांचा शहाजादा शाह आलम मोठी फौज घेऊन घाट उतरला, दोन्हीकडून कोंडी होऊ नये म्हणून संभाजी महाराजांना माघार घ्यावी लागली आणि गोवा वाचला. गोवेकर ख्रिस्ती लोकांनी श्रेय संताला दिले. व्हाइसरॉय मात्र श्रद्धाळू असला तरी भोळा नव्हता. संकट टळताच त्याने राजधानीच मुरगावला हलविण्याचा घाट घातला. तेथे बांधकामही सुरू झाले, पण ते काही तडीस गेले नाही.

ह्या प्रकरणात राखायचे काय हे व्हाइसरॉयला ठाऊक होते. जागे कोणी राहायचे हेही त्याने, आपल्या परीने, ठरविले. मधला प्रश्न मात्र त्याने नीटसा विचारलाच नाही. हे संकट आले कोठून?

ते उत्तर सव्वाशे वर्षे मागे जाऊन शोधावे लागते. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय आले, इन्क्विझिशन म्हणून जे कुप्रसिद्ध झाले ते. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी ह्या भागांतली देवळे त्या काळात पाडली गेली. कुशस्थळीच्या मंगेशाचे लिंग भक्तांनी १५६० मध्ये उचलून पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर प्रियोळला नेले. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. पाठीवर देव घेऊन खाडी ओलांडणाऱ्या त्या माणसांनीही आमच्या राखणदाराचे तीन प्रश्न स्वतःला विचारलेच असतील. राखायचे काय? तर मूर्ती, भिंती पडल्या तरी चालतील. कोणापासून? तर जो राज्य करतो त्याच्यापासूनच. आणि जागे कोणी राहायचे? आपणच. त्यांचा हिशेब बरोबर होता. देऊळ गेले, देव राहिला, आणि देवामागून नवे देऊळही आले.

ज्याने शेजाऱ्याची देवळे पाडली, त्याला स्वतःच्या देवळाभोवती कायमची भिंत बांधावी लागते. पोर्तुगीजांच्या उत्तर कोकणातल्या इतिहासाचे सार मला तरी एवढेच दिसते.

*

बनेश्वराहून पश्चिमेकडे निघालो की थोड्याच वेळात राजगडाचा बालेकिल्ला दिसू लागतो. पंचवीसएक वर्षे हा गड शिवाजी महाराजांची राजधानी होता. रखवालीचा विचार दगडात पाहायचा असेल तर गडाच्या संजीवनी माचीवर जावे. तेथे तट दुहेरी आहे. बाहेरची भिंत मार खाते, आतली शाबूत राहते, आणि दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेत शिरलेला शत्रू कोंडला जातो. नुसती जाड भिंत बांधणे कोणालाही जमेल. हल्ला कोठून आणि कसा येईल ह्याचा आधी विचार करून बांधलेली भिंत ही वेगळी गोष्ट.

ह्या राजगडावर १६६४ च्या आरंभी सुरतेची लूट आली. त्या स्वारीतली एक हकीकत आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. महाराज सुरतेवर आले तेव्हा शहराचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. इंग्रजांनी आपल्या वखारीवर बंदुका-तोफांचा बंदोबस्त केला आणि ती वाचविली. शहरात कापुचिन पंथाच्या फ्रेंच पाद्र्यांचा मठ होता, फादर आम्ब्रोझ त्याचे प्रमुख. त्यांच्यापाशी तोफ नव्हती. बर्निए नावाचा फ्रेंच वैद्य त्या सुमारास हिंदुस्थानात होता. त्याने लिहून ठेवले आहे की, हे पाद्री भले लोक आहेत, ह्यांच्या घराला हात लावू नये, असा शिवाजीने हुकूम केला, आणि तो मठ सुरक्षित राहिला. एका परोपकारी व्यापाऱ्याचे घरही असेच वाचले, असे तो सांगतो.

म्हणजे एकाच शहरात, एकाच आठवड्यात, रखवालीचे तीन नमुने दिसले. एकाने दार लावून घेतले आणि शहर वाऱ्यावर सोडले. दुसरा शस्त्राने वाचला. तिसऱ्याला त्याच्या लौकिकाने वाचविले. लौकिक हे शस्त्र ऐन वेळी विकत मिळत नाही. ते वर्षानुवर्षे, दारी आलेल्या आजाऱ्याला औषध आणि भुकेल्याला भाकरी देऊन, कमवावे लागते.

मोगलांचा बखरकार खाफीखान महाराजांविषयी चांगले बोलणारा नव्हे. तोही कबूल करतो की मशीद, कुराण आणि स्त्रिया ह्यांना उपद्रव देऊ नये, असा त्यांनी आपल्या लोकांना दंडक घालून दिला होता. तथापि सगळे चित्र एकाच रंगात रंगविणे इतिहासाला धरून होणार नाही. १६६७ च्या नोव्हेंबरात बारदेशावर जी स्वारी झाली तिच्यात काही पाद्री मारले गेले. लढाईच्या धुमाळीत दंडक नेहमीच पाळला जातो असे नाही. म्हणूनच तो आधी घालून ठेवावा लागतो, आणि मोडणाऱ्याला जाब विचारावा लागतो.

*

आता घंटा जेथून आली त्या वसईकडे वळू. गुजरातच्या बहादुरशहाकडून १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे आली आणि पुढे दोनशे वर्षे ती त्यांच्या उत्तरेकडील मुलखाची राजधानी होती. किल्ल्याच्या तटाच्या आत एक आखीव शहर वसले होते. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन असे सारे पंथ तेथे आपापली चर्चे आणि मठ बांधून राहिले. ह्याच वसईचा पुत्र गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकीला धर्मासाठी मरण पावला आणि १८६२ मध्ये संतपदाला पोहोचला.

ह्या चर्चेसच्या रखवालीत काही उणे नव्हते. वांद्र्याला जेझुइटांचे कॉलेज होते. सतराव्या शतकात फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य तेथे गेला होता. त्याने त्या पवित्र वास्तूपुढे सात तोफा मांडलेल्या पाहिल्या, आणि आत शस्त्रांचा साठाही होता. म्हणजे एका हातात जपमाळ आणि दुसऱ्या हातात पलिता. समुद्रावरून येणारा चाचा, खाडीपलीकडचा इंग्रज, दक्षिणेकडून येणारा मराठा, साऱ्यांचा विचार झालेला होता.

विचार झाला नव्हता तो आतल्या माणसांचा. साष्टी आणि वसई प्रांतातले हिंदू रयतेचे लोक पिढ्यान्‌पिढ्या धर्माच्या जाचाला कंटाळले होते. पुण्याला पेशव्यांकडे जाऊन ह्या मुलखावर स्वारी करा म्हणून ज्यांनी गळ घातली, वाटा दाखविल्या, माणसे जोडून दिली, त्यांत अंजूरचे गंगाजी नाईक प्रमुख होते. तोफांची तोंडे बाहेर वळलेली आणि चीड तर आत साचलेली. १७३७ मध्ये ठाणे पडले ते ह्यामुळे, आणि एकदा ठाणे गेल्यावर साष्टी बेट राखणे अशक्य झाले.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. वांद्रे मराठ्यांच्या हाती गेले तर खाडीपलीकडे माहीम आणि मुंबई धोक्यात येईल, असा इंग्रजांनी हिशेब केला. त्यांच्या आग्रहावरून वांद्र्याचा कोट आणि ते सात तोफांचे कॉलेज जमीनदोस्त करण्यात आले. ज्या इमारतीने धर्म राखायचा, तीच शत्रूला मोर्चा म्हणून उपयोगी पडेल, म्हणून मित्रांनीच पाडायला लावली! शेजारचे सेंट अँड्र्यूचे चर्च तेवढे उभे राहिले. ते आजही वांद्र्याला समुद्राकडे तोंड करून उभे आहे. त्याच्यापुढे तोफा नव्हत्या, म्हणून त्याची कोणाला भीतीही वाटली नाही.

वसईच्या शेवटच्या वेढ्यात पोर्तुगीजांची पैशाची टंचाई इतकी झाली की त्यांनी मुंबईकर इंग्रजांकडे हात पसरले. इंग्रजांनी फौज दिली नाही. त्यांनी पंधरा हजार रुपये कर्ज दिले, आणि तेही तारण घेऊन. तारण काय, तर चर्चमधली चांदीची उपकरणे आणि काही पितळी तोफा. राखायचे काय आणि राखायचे कशाने, ह्या दोन्ही गोष्टी एकाच गहाणखतात गेल्या.

१७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजी अप्पांनी वसईला निकराचा वेढा घातला. समुद्राकडून मानाजी आंग्रे नाकेबंदी करून होते. मे महिन्यात सुरुंग उडाले, सान सेबास्तियांव बुरुजाला भगदाड पडले, आणि त्या भगदाडात दोन दिवस माणसे पडत राहिली. ग्रँट डफच्या सांगण्याप्रमाणे मराठ्यांकडील पाच हजारांवर माणूस मेला अगर जखमी झाला, पोर्तुगीजांचे आठशे. विजय मिळाला, पण तो फार महाग पडला.

एवढे रक्त सांडल्यावर विजेत्याने काय करावे? त्या काळी युरोपातसुद्धा तट फोडून घेतलेल्या शहराची कत्तल होत असे. चिमाजी अप्पांनी तह केला. पोर्तुगीज सैन्याला हत्यारांनिशी, वाजतगाजत बाहेर पडण्याची मुभा दिली. ज्या कुटुंबांना जायचे होते त्यांना चीजवस्तू घेऊन जाण्यासाठी आठ दिवसांचा अवधी दिला. आणि जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांनी आपला धर्म निर्वेधपणे पाळावा असे कलम घातले. तीन चर्चे त्यांच्याकडे राहावीत, एक शहरात, एक कसब्यात आणि एक साष्टीत, हेही ठरले.

ह्या कलमाचे महत्त्व मला तोफांपेक्षा अधिक वाटते. पराभूत झालेल्यांच्या देवघराची रखवाली विजेत्याने कागदावर आपल्या शिरावर घेतली. युरोपीय पाद्री निघून गेले. गोव्याहून आलेल्या देशी पाद्र्यांनी गावोगावची उपासना सांभाळली. वसईचे ख्रिस्ती लोक तेथेच राहिले, भाताची आणि केळीची शेती करीत, आपली मराठी बोली बोलत. किल्ल्यातली भव्य चर्चे पुढे ओस पडली, बहुतेकांवर आज छप्परही नाही. त्यांच्या कमानींतून वड-पिंपळाची मुळे उतरली आहेत. पण तटाबाहेर पापडी, रमेदी, सांडोर येथली चर्चे दर रविवारी भरतात. ह्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तटाच्या आतले गेले आणि तटाबाहेरचे उरले, हे जरा थांबून लक्षात घेण्यासारखे आहे.

*

राहता राहिल्या घंटा. आठ दिवसांत माणसे, दागिने, कागदपत्रे गलबतांवर चढली. मनोऱ्यांतल्या मणामणांच्या घंटा मागे राहिल्या. त्या विजेत्यांच्या झाल्या.

घंटा म्हणजे त्या काळी नुसते पूजेचे साधन नव्हते. मनोऱ्यावरची घंटा हाच गावाचा पहारेकरी असे. प्रार्थनेची वेळ तिनेच सांगायची, आग लागली किंवा चाचे दिसले तर इशाराही तिनेच द्यायचा. तिचा धातू तांबे आणि कथील ह्यांचा. कथील थोडे कमी केले की त्याच मिश्रणाची तोफ होते. म्हणून युरोपात जिंकलेल्या शहराच्या घंटांवर तोफखान्याचा अधिकारी आपला हक्क सांगे, आणि गावकऱ्यांनी खंडणी भरून त्या सोडविल्या नाहीत तर त्या वितळवून तोफा ओतीत. हा प्रकार जुना झाला असे कोणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने युरोपभरच्या चर्चेसमधून सुमारे पावणेदोन लाख घंटा उतरविल्या, आणि त्यांतल्या दीड लाखांच्या आसपास वितळवून टाकल्या. हँबुर्गच्या धक्क्यावर त्यांच्या राशी पडल्या होत्या. त्या जागेला लोक घंटांचे कबरस्तान म्हणत.

पेशव्यांनाही तोफा हव्याच होत्या. तरी वसई-साष्टीच्या कितीतरी घंटा देवांना वाहिल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा प्रसिद्ध आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या घाटावर १७०७ ची घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. भीमाशंकरला एक आहे, पालीच्या बल्लाळेश्वराला एक आहे, आणि आमच्या नसरापूरच्या बनात ही १६८३ ची.

चर्चमध्ये घंटा दोराने झोके घेते आणि तिचा नाद दूरच्या शिवारात जातो. देवळात ती स्थिर असते आणि दर्शनाला येणारा प्रत्येक माणूस तिला आपल्या हाताने वाजवितो. पद्धत बदलली, पण काम तेच राहिले. झोपलेल्याला जागे करायचे, आणि जागा असलेल्याला देवापुढे उभे करायचे.

ह्याला उदारपणा म्हणावे का? मी तसे म्हणणार नाही. लूट ती लूटच. विजयाचे चिन्ह म्हणूनच ह्या घंटा घाटावर चढविल्या गेल्या. पण त्यांच्यावरचे क्रूस कानशीने घासून काढणे काही अवघड नव्हते, आणि बनेश्वराला तसे केलेले नाही. पावणेतीनशे वर्षे पुजारी आले आणि गेले. ज्यांनी ज्यांनी ती घंटा पुसली, तेल लावले, साखळी बदलली, त्यांच्या हाताखालून तो क्रूस गेला आणि त्यांनी तो राहू दिला. देवाचे नाव वेगळे आहे एवढ्यासाठी ते खोडावे, असे कोणाला वाटले नाही. पेशव्यांच्या मनात काही असो, नसरापूरच्या त्या अनामिक हातांनी एका चर्चच्या वस्तूची रखवाली मात्र चोख केली. कोणी नेमले नव्हते, कोणी पगार दिला नव्हता.

*

हे सगळे जुने झाले, आजच्या काळाशी ह्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. आज चर्चवर चालून यायला सैन्य येत नाही. पण राखणदाराचे तीन प्रश्न बदललेले नाहीत. २०१९ सालच्या एकाच एप्रिल महिन्यातल्या दोन घटना पाहा. १५ तारखेला पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला आग लागली. आगीची सूचना देणारे यंत्र वेळेवर बोलले होते, पण पाहायला गेलेला माणूस चुकीच्या माळ्यावर गेला, अर्धा तास गेला आणि छत गेले. मनोऱ्यातल्या प्रचंड घंटा कोसळल्या तर मनोराही जाईल, ह्या धास्तीने आगीचे बंबवाले जिवावर उदार होऊन आत शिरले, म्हणून पुढचे चर्च वाचले. नंतर सहाच दिवसांनी, ईस्टरच्या रविवारी, श्रीलंकेत तीन चर्चेस आणि तीन हॉटेलांत स्फोट झाले आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. तेथे तर हल्ल्याचा इशारा आधीच आला होता. तो ज्यांच्या हाती पडला त्यांनी तो पुढे पोहोचविला नाही. घंटा होती, पण ती वाजविली गेली नाही.

म्हणून मला वाटते, ज्यांच्याकडे एखाद्या चर्चची, देवळाची वा मशिदीची व्यवस्था आहे, त्यांनी वर्षातून एकदा, सणाच्या गर्दीआधी, शांतपणे एकत्र बसावे. काय काय मोलाचे आहे त्याची यादी करावी, छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि माणसाचा जीव यादीत सर्वांत वर लिहावा. मग धोका कोठून येईल त्याचा विचार करावा. जुनी विजेची तार, पडायला झालेली भिंत आणि एकच अरुंद दार ह्यांनी जितके जीव घेतले आहेत तितके चोरांनी घेतलेले नाहीत. साताऱ्याजवळच्या मांढरदेवीला २००५ च्या जानेवारीत काय झाले ते भोरच्या लोकांना सांगायला नको. भोरहूनच एक वाट त्या डोंगरावर जाते. यात्रेच्या चेंगराचेंगरीत आणि आगीत तीनशेच्या आसपास माणसे दगावली, आणि शत्रू म्हणावा असा कोणी तेथे नव्हता. निसरड्या पायऱ्या, अरुंद वाट आणि मावणार नाही एवढी गर्दी, बस्स. शेवटी, किल्ली कोणाकडे आहे, पाणी कोठे आहे, पोलिसांना निरोप कोण देणार, म्हाताऱ्या माणसांना बाहेर कोण काढणार, ही नावे कागदावर लिहून भिंतीवर लावावीत. कॅमेरे लावायचे तर जरूर लावावेत. तेही एक माचाणच आहे. पण माचाणावर माणूस जागा लागतो.

आणि ह्या सगळ्याच्या बाहेरून एक तट लागतो. संजीवनी माचीला आहे तसा. तो शेजाऱ्यांचा. ज्या चर्चच्या आवारात हिंदूंची पोरे खेळतात, ज्या देवळाच्या यात्रेत मुसलमान वाजंत्री वाजवितो, त्या वास्तूवर कोणी दगड उचलला तर पहिली आरोळी शेजाऱ्याच्या घरातून उठते. सुरतेच्या त्या मठाला हा तट होता. वसईच्या किल्ल्याला बाकी सर्व काही होते, हाच तेवढा नव्हता.

*

हे टिपण लिहून झाल्यावर मी पुन्हा एकदा पुतण्याला घेऊन नसरापूरला गेलो. सकाळची वेळ होती, झाडीतून ऊन नुकतेच खाली उतरत होते. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला दिले, जेवढे मला सुचले तेवढे. मी म्हणालो, "आणली तेव्हा लुटीची होती. आता सांभाळायला दिलेली आहे."

"कोणी दिली?"

"ज्यांनी ओतली त्यांनी नव्हे, हे खरे. पण क्रूस अजून आहे ना? म्हणजे ती कोणाची होती हे विसरायचे नाही, असे कोणीतरी ठरविले असावे."

त्याला हे कितपत पटले ते मला सांगता येत नाही. तो टाचा उंचावून घंटेपर्यंत पोहोचायची खटपट करीत होता. हात पुरेना, तेव्हा मी त्याला कडेवर घेतले. त्याने आधी त्या क्रूसावरून आणि आकड्यांवरून बोट फिरविले, एक-सहा-आठ-तीन असे वाचले, आणि मग टोल दिला.

पहिल्याने ती कोठे वाजली असेल तेथेही हाच नाद उठला असेल. नाद बनातून शिवगंगेकडे गेला, आणि पोर तो विरेपर्यंत कान देऊन ऐकत राहिले.